रोजचे वचन, रोजचे वागणे : मुंबईच्या मराठी ख्रिस्ती परंपरेतील शास्त्रमनन

दररोज ठरावीक वेळी बायबलमधील एक उतारा वाचणे, त्यावर मनन करणे, त्या मननातून प्रार्थना करणे आणि त्या दिवसाच्या वागण्यात वाचलेल्या वचनाला जागा देणे, या साधनेला शास्त्रमनन म्हणतात. रविवारची उपासना किंवा मिस्सा ही मंडळीची सामुदायिक भक्ती असते. शास्त्रमनन आठवड्याच्या सातही दिवशी घरात, प्रवासात किंवा कामावर जाण्यापूर्वी केले जाते. त्यासाठी पाळक किंवा धर्मगुरू हजर असावा लागत नाही, वेदीही लागत नाही. वाचणारा, ग्रंथ आणि थोडा वेळ एवढ्यावर ते चालते. साधना सोपी दिसते, पण तिचा शेवटचा भाग, म्हणजे वाचलेले वागण्यात उतरवणे, सर्वांत अवघड असतो आणि नेमका तोच बहुधा गाळला जातो.

या साधनेचे मूळ बायबलमध्येच आहे. अनुवादाच्या सहाव्या अध्यायात देवाच्या आज्ञा घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना बोलत राहाव्यात असे सांगितले आहे. यहोशवाच्या पहिल्या अध्यायात नियमशास्त्राचे रात्रंदिवस मनन करण्याचा आदेश आहे आणि त्याचा हेतूही लगेच दिला आहे: त्यात लिहिलेले पाळता यावे. पहिल्या स्तोत्रात असे मनन करणाऱ्याला पाण्याजवळ लावलेल्या झाडाची उपमा दिली आहे. प्रेषितांच्या कृत्यांमधील बिरुया गावचे लोक पौलाचे बोलणे खरे की खोटे हे पडताळण्यासाठी रोज शास्त्र तपासत असत, म्हणजे रोजच्या वाचनात चिकित्साही आली. याकोबाचे पत्र वचन ऐकून न आचरणाऱ्याला आरशात तोंड पाहून लगेच विसरणाऱ्या माणसाच्या पंक्तीला बसवते. ही स्थळे एकत्र पाहिली तर वाचन, स्मरण, तपासणी आणि आचरण असा क्रम हाती येतो.

पुढच्या शतकांत या क्रमाला पद्धतीचे रूप मिळाले. मठांमध्ये शास्त्राचे संथ, प्रार्थनापूर्वक वाचन होत असे. बाराव्या शतकात कार्थुसियन संन्यासी दुसरा ग्विगो याने त्याच्या चार पायऱ्या मांडल्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान. सोळाव्या शतकात लोयोलाच्या संत इग्नेशियसने प्रसंगात मनाने शिरण्याची रीत शिकवली. शुभवर्तमानातील घटना वाचताना तेथील माणसे पाहावीत, त्यांचे बोलणे ऐकावे आणि त्या प्रसंगात आपण कोठे उभे आहोत हे शोधावे, अशी ती रीत आहे. दिवसाच्या शेवटी स्वतःच्या वागण्याची झडती घेण्याची त्याची सवयही याच साधनेला पूरक ठरते. प्रॉटेस्टंट परंपरेने ही साधना मठाबाहेर काढून घराघरांत नेली. जर्मनीतील मोरेव्हियन मंडळीने १७३१ पासून वर्षातील प्रत्येक दिवसासाठी एक वचन छापण्याची प्रथा सुरू केली. स्कॉटलंडचे पाळक रॉबर्ट मरे मॅक्शेन यांनी १८४२ मध्ये तयार केलेल्या वेळापत्रकात वर्षभरात जुना करार एकदा, तर नवा करार आणि स्तोत्रे दोनदा वाचून होतात. प्रॉटेस्टंट बायबलचे ६६ ग्रंथ आणि ११८९ अध्याय वर्षात एकदा वाचायचे तर रोज तीन ते चार अध्याय पडतात. कॅथलिक बायबलमध्ये ७३ ग्रंथ आहेत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर कॅथलिक चर्चने रविवारसाठी तीन वर्षांचे आणि इतर दिवसांसाठी दोन वर्षांचे वाचनचक्र ठरवले. त्यामुळे एकाच दिवशी दादरच्या आणि रोमच्या चर्चमध्ये तोच उतारा वाचला जातो.

मराठी ख्रिस्ती माणसाच्या हाती स्वतःच्या भाषेतील वचन येण्याची कथा गोव्यापासून सुरू होते. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. ओवीछंदात बायबलची कथा सांगणारा हा ग्रंथ मोठ्याने वाचण्यासाठी आणि ऐकण्यासाठी रचलेला होता. सलग गद्य भाषांतराला मात्र एकोणिसावे शतक उजाडावे लागले. बंगालमधील श्रीरामपूरला विल्यम केरी यांच्या देखरेखीखाली १८११ मध्ये मराठी नवा करार निघाला. मुंबईत १८१३ मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी उतरले. त्यांच्या मराठी मिशनने छापखाना काढला, १८१७ मध्ये मत्तयाचे शुभवर्तमान प्रसिद्ध केले आणि १८२६ मध्ये संपूर्ण नवा करार. त्याच वर्षी नाशिकच्या बाजूला फिरतीवर असताना हॉल पटकीने वारले. १८४७ पर्यंत संपूर्ण बायबल मराठीत आले. याच छापखान्यात गणपत कृष्णाजी आणि पुढे निर्णयसागरचे जावजी दादाजी मुद्रणाची कला शिकले. मराठी बायबल आणि मराठी मुद्रण मुंबईत अशी हातात हात घालून वाढली.

भाषांतर हाती आले तरी ते साध्या वाचकाला सहज कळेलच असे नव्हते. ही अडचण पंडिता रमाबाईंनी ओळखली. १८८९ मध्ये त्यांनी गिरगाव चौपाटीजवळ विधवा स्त्रियांसाठी शारदा सदन ही संस्था सुरू केली. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून बायबलचे नवे मराठी भाषांतर हाती घेतले. थोडेफार शिकलेल्या बायकांना रोज वाचता यावे इतके ते सोपे असावे, हा त्यांचा आग्रह होता. त्याच्या छपाईचे कामही मुक्तीतील स्त्रियांनी केले. १९२२ मध्ये रमाबाई वारल्या आणि संपूर्ण भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. कॅथलिक वाचकांसाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ याच गरजेतून आले. त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

रोजच्या मननाचे मुंबईतील सर्वांत ठळक उदाहरण जॉर्ज बोवेन यांचे आहे. १८१६ मध्ये अमेरिकेतील व्हर्माँट राज्यात जन्मलेले बोवेन तरुणपणी पक्के नास्तिक होते. युरोपभर फिरलेले, अनेक भाषा जाणणारे आणि वाचनात बुडालेले. १८४४ मध्ये त्यांची वाग्दत्त वधू वारली. जाताना तिने आपले बायबल त्यांना दिले आणि ते रोज वाचावे एवढीच इच्छा सांगितली. शब्द पाळण्यासाठी सुरू केलेल्या या वाचनातून त्यांचे आयुष्य बदलले. १८४८ मध्ये ते मुंबईत आले आणि पुढची चाळीस वर्षे एकदाही मायदेशी गेले नाहीत. येशूसाठी सर्व सोडण्याविषयीची वचने वाचून सगळ्या सोयींसह राहता येत नाही, या जाणिवेने त्यांनी मिशनचा पगार सोडला, देशी लोकांच्या वस्तीत अगदी थोड्या खर्चात राहायला सुरुवात केली आणि रस्त्यावर उभे राहून मराठीतून प्रवचने केली. ‘बॉम्बे गार्डियन’ हे साप्ताहिक त्यांनी दीर्घकाळ संपादले. वर्षाच्या प्रत्येक दिवसासाठी एक वचन आणि त्यावरील छोटे मनन अशी त्यांची ‘डेली मेडिटेशन्स’ १८६५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. १८८८ मध्ये मुंबईतच त्यांचे निधन झाले. त्यांच्या मननांचे वजन त्यांच्या राहणीमुळे वाढले. लिहिणारा जे सांगतो ते जगतो, हे शहराला रोज दिसत होते.

नारायण वामन टिळकांचा प्रवासही एका वाचनापासून सुरू झाला. १८९३ मध्ये आगगाडीत भेटलेल्या एका युरोपीय गृहस्थाने त्यांना नवा करार दिला आणि तो वाचण्याचे वचन घेतले. वाचता वाचता टिळक मत्तयाच्या पाचव्या ते सातव्या अध्यायांतील डोंगरावरील प्रवचनापाशी अडले आणि तेथून पुढे हलेनात. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. वाचलेले गाण्यात आणि भक्तीत आणण्याचे मोठे काम त्यांनी केले. त्यांचे अभंग आणि भजने ‘उपासना संगीत’मधून आजही मराठी मंडळ्यांत गायली जातात. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. अहमदनगरचे कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट पाडली. बाबा पदमनजींनी नव्या करारावर टीका लिहून वाचकाला अर्थाची मदत दिली. ओवी, अभंग, कीर्तन आणि टीका या साऱ्या मराठी रीती होत्या. त्यामुळे रोजचे वचन परक्या देशातून आलेले न राहता घरच्या नित्यपाठासारखे झाले.

गिरगाव, भायखळा, दादर, परळ, लालबाग या पट्ट्यात ही परंपरा वेगवेगळ्या वाटांनी रुजली. गिरगावात डॉ. जॉन विल्सन यांच्या स्कॉटिश मिशनशी जोडलेले अंब्रोली चर्च आहे. भायखळ्यात अमेरिकन मराठी मिशनच्या शाळा आणि मंडळी उभी राहिली. या मिशनने मंडळीत येणाऱ्याने जातिभेद सोडला पाहिजे अशी अट घातली होती. प्रभुभोजनाच्या मेजाशी सर्वांनी एकत्र बसणे हे त्या काळी वचन पाळल्याचे सर्वांत उघड आणि सर्वांत महाग प्रमाण होते. दादरचे पोर्तुगीज चर्च, म्हणजे अवर लेडी ऑफ साल्व्हेशन, सोळाव्या शतकातील आहे. त्याची आजची इमारत वास्तुकार चार्ल्स कोरिया यांनी १९७० च्या दशकात उभी केली. गिरगावातील खोताची वाडी आणि माझगावातील माथारपाखाडी येथील ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाच्या घरांच्या मध्ये उभ्या असलेल्या क्रुसांपैकी अनेक १८९६ च्या प्लेगच्या काळाची आठवण देतात. संध्याकाळी तेथे जमून जपमाळेची प्रार्थना म्हणण्याची रीत आहे. जपमाळेतील रहस्ये म्हणजे येशू आणि मरिया यांच्या जीवनातील प्रसंग, म्हणून अक्षरओळख नसलेल्या आजीलाही शुभवर्तमानाचे मनन या वाटेने साधत आले आहे.

परळ-भोईवाडा परिसरात वाचनाला जागा आणि वेळ मिळवणे हेच पहिले काम असते. नायगावच्या बीडीडी चाळीतील खोली साधारण १६० चौरस फुटांची. तेवढ्यात तीन पिढ्या राहत असतील तर वेगळी प्रार्थनेची खोली कोठून येणार? गिरण्या चालू होत्या तेव्हा तीन पाळ्यांमुळे घरातील माणसे वेगवेगळ्या वेळी झोपत आणि उठत. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, पाळ्यांची नोकरी मात्र राहिली: रुग्णालयात, सुरक्षेच्या कामात, बेस्टमध्ये. म्हणून येथे शास्त्रमननाचे वेळापत्रक घराच्या वेळापत्रकाशी जुळवूनच ठरवावे लागते. नळाला पाणी येण्याआधीची दहा मिनिटे, रात्रपाळीहून परतल्यावरचा चहा, किंवा जेवणाआधी सर्वांनी मिळून केलेली कौटुंबिक प्रार्थना, यांपैकी जी वेळ टिकेल ती चांगली. पहाटेच वाचले तरच ते खरे, असा नियम शास्त्रात नाही. मोबाइलवर वचन ऐकण्याची सोय झाल्याने लोकलच्या गर्दीतही वाचन होऊ शकते, मात्र मननाला लागणारी स्वस्थता त्यासाठी वेगळी काढावी लागते.

वाचन, मनन, प्रार्थना आणि आचरण ही पद्धत समजण्यासाठी एक उतारा घेणे सोयीचे. लूकच्या दहाव्या अध्यायातील चांगल्या शोमरोन्याचा दाखला प्रत्येकाला ठाऊक असतो, म्हणूनच तो वरवर वाचला जातो. पहिल्या पायरीवर तो दोनदा, शक्य तर मोठ्याने वाचावा आणि मजकूर काय सांगतो एवढेच पाहावे. यरुशलेमहून यरीहोला उतरणारा एक माणूस, त्याला लुटणारे, बाजूने निघून जाणारे याजक आणि लेवी, थांबणारा शोमरोनी, तेल आणि द्राक्षारस, उतारशाळा, दोन दिनार आणि परतताना उरलेले देण्याचा शब्द. दुसऱ्या पायरीवर प्रश्न येतात. शोमरोनी आणि यहुदी यांचे वैर असताना येशूने नायक म्हणून शोमरोनीच का निवडला? ‘माझा शेजारी कोण’ या प्रश्नाचे उत्तर देण्याऐवजी ‘शेजाऱ्यासारखा कोण वागला’ असे त्याने उलट का विचारले? तिसऱ्या पायरीवर वाचणारा देवाशी बोलतो आणि आपण कोणाच्या बाजूने निघून जातो ते कबूल करतो. चौथ्या पायरीवर एक निर्णय होतो.

हा निर्णय परळमध्ये फार दूर शोधावा लागत नाही. केईएम रुग्णालय १९२६ मध्ये आणि टाटा मेमोरियल १९४१ मध्ये सुरू झाले.  देशभरातून आलेले रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक पदपथावर दिवस काढतात. ज्याने सकाळी तो दाखला वाचला त्याच्यासमोर दुपारी त्यातला रस्ता येतो. मराठी न कळणाऱ्या बाईला केसपेपर कोठे काढायचा ते दाखवणे, रक्तदानासाठी नाव देणे, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा पत्ता सांगून तेथपर्यंत सोबत करणे, ओळखीच्या कुटुंबाला आठवडाभर डबा पोचवणे, ही दोन दिनारांची आजची रूपे आहेत. दाखल्यातील शोमरोन्याने सगळ्या जखमी लोकांची सोय केली नाही. त्याने एका माणसाचा खर्च भागवला आणि पुन्हा येण्याचे कबूल केले. मननातून निघणारा निर्णयही असाच मोजता येणारा असावा: कोण, कधी, काय.

हाच नियम इतर उताऱ्यांना लागतो. लूकच्या बाराव्या अध्यायात एक जण येशूकडे येऊन भावाकडून वतनाची वाटणी मिळवून द्या म्हणतो आणि येशू त्याला लोभापासून जपायला सांगतो. चाळीच्या पुनर्विकासात खोली कोणाच्या नावावर, यावरून भावांमध्ये अबोला असलेल्या घरात हा उतारा वाचला गेला तर तो दोन हजार वर्षांपूर्वीचा वाटत नाही. लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायातील खऱ्या तराजूची आणि मापाची आज्ञा दुकानदारासाठी आहे, तशीच कामाची वेळ चोरणाऱ्या नोकरदारासाठीही. कलस्सैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात काम माणसांसाठी नव्हे तर प्रभूसाठी समजून करावे असे म्हटले आहे. वॉर्डात बेडपॅन धुणाऱ्या आयाचे काम आणि चर्चमधील सेवा यांच्यात त्यामुळे उच्चनीच राहत नाही. वचन आणि दिवस यांची अशी भेट घडली की मनन पूर्ण होते.

मननात काही चुका वारंवार होतात. पहिली, बायबल कोठेही उघडून बोट पडेल ते वचन त्या दिवसाचा कौल मानणे. हे शकुन पाहण्यासारखे आहे आणि त्यात मागचापुढचा संदर्भ सुटतो. दुसरी, आवडीची, धीर देणारी तेवढीच वचने वाचणे. संदेष्ट्यांची कठोर वचने आणि विलापाची स्तोत्रे टाळल्यास श्रद्धेचा अर्धाच भाग हाती येतो. तिसरी, वचन दुसऱ्याला लावणे. ‘हे सासूने वाचायला हवे’ असे वाटू लागले की वाचणारा स्वतः सुटतो. चौथी, अध्यायांचा हिशेब ठेवणे आणि एखादा दिवस चुकला की अपराधी वाटून सारेच सोडून देणे. चुकलेला दिवस तसाच सोडून आजचा उतारा घ्यावा, हे अनेक जुन्या मार्गदर्शकांचे म्हणणे आहे. पाचवी चूक सर्वांत सूक्ष्म आहे: मनाला बरे वाटले म्हणजे मनन झाले असे समजणे. काही दिवस वचन बरे वाटू देत नाही, आणि तसे दिवसही साधनेतच मोडतात.

एकट्याच्या वाचनाला मंडळीचा आधार लागतो, कारण एकट्या माणसाला स्वतःच्या सोयीचा अर्थ काढण्याचा मोह होतो. प्रॉटेस्टंट घरांत कॉटेज मीटिंगची रीत आहे. आठवड्यातून एका संध्याकाळी कोणाच्या तरी घरी जमून गीत, वाचन, साक्ष आणि प्रार्थना होते. रविवारच्या शाळेत मुले सुवर्णवचन पाठ करतात आणि ती वचने म्हातारपणापर्यंत सोबत राहतात. कॅथलिक चर्चमध्ये १९८० च्या दशकापासून मुंबई धर्मप्रांतात वाढलेल्या लघु ख्रिस्ती समूहांत शेजारी एकत्र येऊन शुभवर्तमान वाचतात. त्यासाठी दक्षिण आफ्रिकेत तयार झालेली सात पायऱ्यांची पद्धत बऱ्याच ठिकाणी वापरली जाते: प्रभूला आमंत्रण, वाचन, मनाला भिडलेल्या शब्दांचा पुनरुच्चार, मौन, मनोगत, समूहाने करायचे काम ठरवणे आणि प्रार्थना. सहावी पायरी न झाल्यास सभा अपुरी मानली जाते, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. चर्चवर्षही साधनेला वळण देते. आगमनकाळात वाट पाहण्याची वचने येतात, राखेच्या बुधवारपासूनच्या उपवासकाळात पश्चात्ताप आणि दानधर्म यांवर भर असतो, आणि उत्तम शुक्रवारी मराठी मंडळ्यांत वधस्तंभावरील सात उद्गारांवर सात प्रवचने होतात. ज्याला वर्षभर नियम जमत नाही त्याने उपवासकाळाच्या चाळीस दिवसांपासून आरंभ करावा, ही जुनी आणि उपयोगी सूचना आहे.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने एखादे छोटे शुभवर्तमान घ्यावे. मार्कचे सोळा अध्याय रोज अर्धा अध्याय या गतीने महिन्याभरात होतात. सोबत रोज एक स्तोत्र वाचल्यास १५० स्तोत्रे पाच महिन्यांत संपतात. वहीत तारीख, उतारा, कळलेली एक गोष्ट आणि करायची एक गोष्ट अशा चार नोंदी पुरतात. रात्री झोपण्याआधी शेवटची नोंद पुन्हा पाहून ती झाली का एवढे स्वतःला विचारावे. न कळलेले प्रश्न पाळकाला, धर्मगुरूला किंवा जाणत्या वडीलधाऱ्यांना विचारण्यासाठी वेगळे लिहून ठेवावेत. शंका विचारल्याने श्रद्धा कमी होत नाही, बिरुयाच्या लोकांची स्तुती त्यासाठीच झाली आहे.

स्टीफन्सच्या ओवीपासून बोवेनच्या मननापर्यंत आणि टिळकांच्या अभंगापासून चाळीतल्या कौटुंबिक प्रार्थनेपर्यंत या परंपरेची कसोटी एकच राहिली आहे. किती वाचले, किती पाठ झाले, यावर साधनेचे मोल ठरत नाही. वाचणाऱ्याच्या घरातल्यांना, शेजाऱ्यांना आणि हाताखालच्या माणसांना त्या वाचनाचा फायदा झाला की नाही, यावर ते ठरते. म्हणून वाचकाने आजचा उतारा थोडाच घ्यावा, सावकाश वाचावा, आणि त्यातले एक काम दिवस मावळण्याआधी करावे.